चांदणी काढा, पण चक्र लावू नका

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचं बोधचिन्ह इंग्रजी सत्तेच्या एका मानचिन्हावरून उचललेलं आहे, हा आक्षेप खरा आहे. तो आधीच मान्य करून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं ‘आले इंग्रजांचे वकील’ म्हणून उडवून लावता येणार नाही. राणी व्हिक्टोरियाने 1861 मध्ये ‘स्टार ऑफ इंडिया’ नावाचा किताब सुरू केला. सत्तावनचं बंड नुकतंच मोडलं होतं, संस्थानिकांना गोंजारायचं होतं, निष्ठेची पावती द्यायची होती. किरणांच्या वलयातला तो तारा पुढे व्हाइसरॉयच्या निशाणावर चढला आणि परदेशी भरणाऱ्या स्पर्धांत हिंदुस्थानची ओळख म्हणूनही फडकला. 1928 च्या डिसेंबरात क्रिकेट मंडळ स्थापन झालं. ग्रँट गोव्हन अध्यक्ष झाले, अँथनी डिमेलो सचिव. त्या दोघांच्या डोळ्यांपुढे ‘इंडिया’ म्हणून हाच तारा येणं अगदी साहजिक होतं. पुढे 1947 उजाडलं, राज्य गेलं, किताब बंद पडला. तारा टोपीवर राहिला.

काही वर्षांपूर्वी केंद्रीय माहिती आयोगाने यावर बोट ठेवलं. हे चिन्ह बदलून त्या जागी तिरंगा, चार सिंह, अशोकाचं धर्मचक्र किंवा दुसरं एखादं अस्सल भारतीय चिन्ह सरकारने का आणलं नाही, अशी विचारणा झाली. क्रिकेटप्रेमींनी टाळ्या वाजवल्या. मंडळाने कानाडोळा केला. मागणी मात्र तेव्हापासून जिवंत आहे आणि ती आता मंडळापुरती उरलेली नाही. तालुक्याच्या गावात कबड्डीचं मंडळ नवं बोधचिन्ह काढायला बसलं की पहिली सूचना ठरलेली: तीन रंगांचे पट्टे घ्या, मधे चक्र घ्या. दुसरा कोणी म्हणाला की आपल्या नदीचं काहीतरी घेऊ, तर त्याच्याकडे लोक असे बघतात की जणू त्याने राष्ट्रगीत चालू असताना जांभई दिली.

माझं म्हणणं या दोन्ही ठिकाणी एकच आहे. तारा जावा, जरूर जावा. पण त्याच्या जागी राष्ट्राचं चिन्ह येऊ नये. क्लबच्या छातीवर तर मुळीच येऊ नये.

मागणी करणाऱ्यांचा सगळ्यात भावनिक मुद्दा आधी घेतो, कारण त्यात आमच्या विदर्भाचा माणूस गुंतलेला आहे. ते म्हणतात, परकीय चिन्ह मिरवणाऱ्या टोपीत स्वाभिमान कसा राहील? 1932 साली लॉर्ड्‌सवर भारताचा पहिला कसोटी सामना झाला. कर्णधार होते कर्नल सी. के. नायुडू, नागपुरात जन्मलेले, नागपूरच्या मैदानांवर घडलेले. त्यांच्यामागे त्या वेळी कोणतं राष्ट्र होतं? कायद्याने कोणतंच नाही. त्याच्याही आधी, 1926 च्या डिसेंबरात, मुंबईच्या जिमखान्यावर त्यांनी एमसीसीच्या गोलंदाजांना अकरा षटकार मारून 153 धावा ठोकल्या. त्या खेळीला तेव्हाच्या हिंदी प्रेक्षकांनी जे मानलं ते मानायला त्यांना नायुडूंच्या शर्टावर काही छापलेलं असावं लागलं नाही. शर्ट पांढरा होता. त्या डावात जो स्वाभिमान होता तो बॅटमध्ये होता, आणि मैदानाबाहेर झाडांवर चढून बसलेल्यांच्या डोळ्यांत होता. चिन्हाने खेळाडू घडत नाही. खेळाडू चिन्हाला किंमत देतो, आणि दिली नाही तर तारा काय नि चक्र काय, दोन्ही धाग्याचं भरतकाम.

यावर उत्तर म्हणून बर्लिन सांगितलं जातं. सांगावंच. 15 ऑगस्ट 1936, ऑलिम्पिक हॉकीचा अंतिम सामना, समोर जर्मनी. हा सामना आदल्या दिवशीच व्हायचा होता, पावसामुळे पुढे गेला. स्पर्धेआधीच्या सराव सामन्यात जर्मनीने आपल्याला हरवलेलं होतं, त्यामुळे पोरांच्या मनात धाकधूक होती. सहायक व्यवस्थापक पंकज गुप्तांनी कपडे बदलायच्या खोलीत काँग्रेसचा तिरंगा काढला, सगळ्यांनी त्याला वंदन केलं आणि संघ मैदानात उतरला. ध्यानचंदांच्या संघाने तो सामना आठ विरुद्ध एक असा जिंकला. चक्राचे पुरस्कर्ते विचारतात, आता बोला, झेंड्याने बळ दिलं की नाही?

दिलं, आणि का दिलं तेही नीट पाहू. तो झेंडा बंद दाराआड होता. बाहेर मिरवायची सोय नव्हती, कारण बाहेर अधिकृत निशाण साम्राज्याचं होतं. त्या खोलीतला एकही माणूस तो झेंडा छातीवर लावून कोणाला खिजवत नव्हता, त्यावर कोणी तिकीट विकत नव्हतं, आणि कोणी जाहिरातदार कोपऱ्यात आपलं नाव घालून मागत नव्हता. ध्यानचंद तर इंग्रजी फौजेतले शिपाई. त्या वंदनात धोका होता, म्हणून त्यात वजन होतं. आज तोच झेंडा छातीवर घ्यायला कोणाला काय द्यावं लागतं? छपाईचे पैसे. (जाता जाता: त्याच वर्षी आमच्या शेजारच्या अमरावतीहून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमूही बर्लिनला गेला होता आणि त्याने कबड्डीसारखे देशी खेळ तिथे करून दाखवले. हॉकीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ही आपल्याच लोकांना सांगावी लागते.)

झेंड्यासाठी किंमत मोजणं म्हणजे काय, हे वर्धा जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. 1923 चा झेंडा सत्याग्रह नागपुरात झाला, पण त्याची धग इथपर्यंत होती. सिव्हिल लाइन्समध्ये झेंडा घेऊन जायला बंदी होती, म्हणून 1 मे पासून तुकड्या मागून तुकड्या तो घेऊन जात राहिल्या आणि तुरुंगात जात राहिल्या. वर्ध्याचे जमनालाल बजाज त्या सत्याग्रहाचे पुढारी. त्यांना शिक्षा झाली, दंड झाला. दंडापोटी त्यांची मोटार जप्त केली तेव्हा ती लिलावात घ्यायला नागपुरात कोणी पुढे येईना, असं सांगतात. त्यांच्यानंतर सूत्रं वल्लभभाई पटेलांकडे आली आणि 18 ऑगस्टला झेंडा त्या रस्त्याने गेला. विनोबाही त्याच सत्याग्रहात तुरुंगात गेले. हे मुद्दाम नोंदवतो, कारण विनोबांच्या पवनारकडून कोणी राष्ट्रचिन्हाबद्दल सबुरीचं बोललं की लगेच ‘तुम्ही काय, जय जगतवाले’ असा टोला येतो. ‘जय जगत’ म्हणणारा माणूस झेंड्यासाठी तुरुंगात जाऊन आलेला होता. टोला मारणाऱ्यांपैकी किती जणांना हा मान सांगता येईल, ते त्यांनीच पाहावं.

आता कायद्याकडे वळू. खरं तर वाद इथेच मिटायला हवा होता. 1950 सालचा बोधचिन्हे आणि नावे यांच्या अनुचित वापराला प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत राष्ट्रध्वज आहे, अशोकचक्र आणि धर्मचक्र हे शब्द आहेत, चक्राचं चित्र आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय यातलं काहीही व्यापारासाठी किंवा व्यापारचिन्ह म्हणून वापरता येत नाही. (याच यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्रही आहे, ते किती दुकानांना माहीत आहे, हा वेगळा विषय.) सारनाथच्या सिंहांसाठी 2005 चा स्वतंत्र कायदा आहे. आजच्या क्लबचं बोधचिन्ह म्हणजे काय असतं? नोंदवलेलं व्यापारचिन्ह असतं. त्यावर टी-शर्ट विकतात, चहाचे मग विकतात, किल्ल्यांची साखळी विकतात, प्रायोजकाशी करार होतो. हा सरळ धंदा आहे आणि धंदा करण्यात काही पाप नाही, पण मग राष्ट्राचं चिन्ह गल्ल्यावर ठेवता येणार नाही. गंमत अशी की मूळ कायद्यात या गुन्ह्याला दंड पाचशे रुपये ठेवलेला आहे. एका अस्सल जर्सीची किंमत त्याहून जास्त असते.

‘मग सचिनच्या हेल्मेटवर तिरंगा कसा?’ हा प्रश्न इथे येतोच, आणि तो रास्त आहे. देशाच्या संघाच्या खेळाडूने ध्वज पोशाखावर लावावा की नाही यावर वाद झाला होता. शेवटी 2005 मध्ये राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाविषयीच्या 1971 च्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मर्यादा आखून परवानगी मिळाली: कमरेच्या खाली नाही, रुमालावर नाही, उशीवर नाही, अंतर्वस्त्रांवर नाही. म्हणजे देशासाठी खेळणाऱ्याने ध्वज अंगावर घ्यायचा मार्ग मोकळा आहे आणि त्याला माझाही काही विरोध नाही. पण ध्वज वेगळा आणि बोधचिन्ह वेगळं. खेळाडू ध्वज लावतो तेव्हा तो सांगतो की मी देशाकडून खेळतोय. संस्था चक्राला आपलं बोधचिन्ह करते तेव्हा ती सांगते की देश म्हणजे मी.

आणि क्रिकेट मंडळाला तर हे म्हणायचा अधिकार त्याच्याच वकिलांनी घालवलेला आहे. दूरचित्रवाणी हक्कांच्या खटल्यात मंडळाचा सर्वोच्च न्यायालयापुढचा पवित्रा असा होता की मैदानात उतरतो तो मंडळाचा संघ, सरकारचा नव्हे. आम्ही खाजगी संस्था आहोत. फेब्रुवारी 2005 मध्ये न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की राज्यघटनेच्या बाराव्या अनुच्छेदाच्या अर्थाने मंडळ म्हणजे ‘राज्य’ नव्हे. ऑक्टोबर 2018 मध्ये माहिती आयोगाने मंडळाला माहितीचा अधिकार लागू केला. मंडळाने त्याला आव्हान दिलं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने क्रीडा प्रशासनाचा नवा कायदा केला, त्यात माहितीचा अधिकार सरकारी पैसा घेणाऱ्या संघटनांपुरता ठेवला गेला आणि सरकारी पैसा न घेणारं मंडळ पुन्हा बाहेर. म्हणजे नाव देशाचं, गर्दी देशाची, अश्रू देशाचे आणि हिशेबाची वही खाजगी. अशा संस्थेच्या टोपीवर तारा आहे म्हणून तुम्ही चिडता आणि तिथे अशोकचक्र बसवा म्हणता? अहो, तुम्ही तिला शिक्षा करत नाही आहात, बक्षीस देत आहात. आज निदान तिला कोणी विचारू शकतो की हा तारा कुठून आला. चक्र एकदा चढलं की हिशेब विचारणारा देशद्रोही ठरायला दोन दिवस लागणार नाहीत.

हाच न्याय त्या ‘भारत’ अक्षरांना. सप्टेंबर 2023 मध्ये वीरेंद्र सेहवागने विश्वचषकाच्या जर्सीवर ‘इंडिया’ऐवजी ‘भारत’ असावं अशी मागणी केली आणि बरीच हवा तापली. लिहा की भारत. दोन्ही नावं घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात आहेत. त्याने हिशेबाच्या वहीत एक ओळही बदलणार नाही.

मंडळाचं एवढं पुरे. माझा खरा वाद क्लबांशी आहे आणि त्यासाठी 1940 च्या वर्ध्याला जावं लागेल.

त्या वर्षी 17 ऑक्टोबरला पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांना निवडलं होतं. युद्धाविरुद्ध भाषण करत ते गावोगाव गेले आणि चार दिवसांनी देवळीला त्यांना अटक झाली. देशभर एकेक सत्याग्रही तुरुंगात जात होता आणि तिकडे मुंबईत पंचरंगी क्रिकेट सामन्यांची तयारी चालली होती. पंचरंगी म्हणजे हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि पाचवा संघ ‘द रेस्ट’. हिंदू जिमखान्याच्या मंडळींना प्रश्न पडला की अशा वेळी खेळावं का. ते डिसेंबरात वर्ध्याला गांधीजींकडे आले. गांधीजींनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, नेते तुरुंगात आणि जग युद्धात असताना हा तमाशा नको. ही प्रसंगाची गोष्ट होती. दुसरी गोष्ट प्रसंगाच्या पलीकडची होती: महाविद्यालयांचे, संस्थांचे सामने मला समजतात; हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ पाडण्याचं कारण मला कधी समजलेलं नाही, आणि असली विभागणी खेळाडूवृत्तीला शोभत नाही. हिंदू जिमखान्याने त्या वर्षी माघार घेतली. पुढच्या वर्षी परत आले, अर्थात. गर्दी आणि गल्ला कोणाला सुटतो? 1946 मध्ये त्या स्पर्धेचा कायमचा शेवट झाला.

हे निवेदन फक्त धर्माबद्दल आहे असं वाचलं जातं. मला ते त्याहून मोठं वाटतं. संघ छोट्या गोष्टीचा असावा: कॉलेजचा, गिरणीचा, बँकेचा, गावाचा, गल्लीचा. म्हणजे हरला तर कॉलेज हरतं, गल्ली हरते. संध्याकाळी चहा पिऊन माणसं घरी जातात. ज्या क्षणी संघाच्या अंगावर माणसाची सगळी ओळख चढते त्या क्षणी समोरच्याला हरवणं पुरत नाही, त्याला खाली पाहायला लावावं लागतं. तेव्हा धर्म चढवला होता. आता काही जणांना राष्ट्र चढवायचं आहे.

1943 च्या पंचरंगी अंतिम सामन्यात सांगलीचे विजय हजारे खेळत होते. ते ख्रिस्ती, म्हणून ‘रेस्ट’मध्ये. मराठी मुलखातला, मराठी बोलणारा माणूस, पण हिंदू नाही, मुसलमान नाही, पारशी नाही, गोरा नाही, मग उरलेल्यांत. दुसऱ्या डावात संघाच्या 387 धावा झाल्या आणि त्यांतल्या 309 एकट्या हजाऱ्यांच्या. भाऊ विवेक यांच्यासोबत त्यांनी तीनशेची भागी केली, तिच्यात विवेकचा वाटा एकवीस. तरीही रेस्ट हरले. या आकड्यांकडे पाहून क्रिकेटवाले चकित होतात. मी त्या संघाच्या नावापाशी अडतो. क्लबने राष्ट्रचिन्ह घेतलं की नेमकं हेच होतं. ज्याच्या छातीवर राष्ट्र, त्याच्या समोर उभा असलेला संघ आपोआप ‘रेस्ट’. वर्ध्याच्या मंडळाने चक्र लावलं आणि हिंगणघाटच्या मंडळाने नाही, तर अंतिम सामन्यात पंचांनी हिंगणघाटच्या बाजूने गुण दिला की प्रेक्षकांतून काय आरोळी येईल? आणि दोघांनीही लावलं तर? मग चक्राची चक्राशी झटापट, एकाची हार आणि एकाची जीत. यात राष्ट्राचा मान नेमका कुठे वाढला?

‘तिरंगा सगळ्यांचा आहे, मग आमचा का नाही?’ असं एक वाक्य या वादात हमखास फेकलं जातं. सगळ्यांचा आहे म्हणूनच तुमच्या एकट्याच्या अंगणात रोवता येत नाही. गावच्या विहिरीवर सगळ्यांचा हक्क असतो, म्हणून कोणी आपल्या आडनावाची पाटी त्यावर ठोकत नाही.

परदेशी दाखलेही दिले जातात, त्यांत बार्सिलोनाचा पहिला. त्यांच्या ढालीवर सेंट जॉर्जचा क्रॉस आहे, कातालान झेंड्याचे पट्टे आहेत, आणि तो क्लब जगात गाजतो. बरोबर. पण ते पट्टे कोणाचे? ज्यांचं राज्य नाही अशा लोकांचे. फ्रँकोच्या राजवटीत त्यांच्या नावात फेरफार झाला, ढालीवरचे चार तांबडे पट्टे कमी करून दोनच ठेवावे लागले, 1949 मध्ये ते परत आले. सत्तेने पुसायला लावलेलं चिन्ह आणि सत्तेच्या कचेरीवर रोज झळकणारं चिन्ह एकाच तागडीत घालता येत नाही. नागपूरचा 1923 चा झेंडा पहिल्या जातीचा होता. आजचा झेंडा, सुदैवाने, दुसऱ्या जातीचा आहे. दुसऱ्या जातीची गोष्ट ऐकायची तर माद्रिदकडे पाहा. 1920 मध्ये राजा अल्फोन्सोने क्लबला ‘रेआल’ म्हणजे राजमान्य केलं, चिन्हावर मुकुट आला. 1931 मध्ये प्रजासत्ताक आलं, मुकुट गेला. यादवी युद्ध झालं, राजवट बदलली, मुकुट परत आला. राज्याचं चिन्ह उसनं घेतलं की प्रत्येक राज्यबदलाला शिंप्याकडे जावं लागतं.

कार्डिफचा किस्सा तर आपल्या पोरांनी भिंतीवर लिहून ठेवावा. वेल्सच्या राजधानीतला हा फुटबॉल क्लब शंभर वर्षं निळ्या रंगात खेळला. निळा पक्षी हीच त्यांची ओळख. 2012 मध्ये मलेशियन मालक व्हिन्सेंट टॅन यांनी जर्सी लाल केली आणि बोधचिन्हावर वेल्सचा राष्ट्रीय लाल ड्रॅगन मोठा केला. बिचारा पक्षी खाली कोपऱ्यात गेला. लाल रंग आशियाच्या बाजारात खपतो, असा हिशेब होता. आता पाहा, ड्रॅगन वेल्सचाच, लोक वेल्सचेच, त्यांच्या देशप्रेमात काही कमी नाही. तरीही ते चिडले, कारण राष्ट्राच्या ड्रॅगनने गावाच्या पाखराला हाकललं होतं. संघ 2013 मध्ये अव्वल विभागात चढला, तरी राग गेला नाही. 2015 च्या जानेवारीत मालकाला निळा रंग परत द्यावा लागला आणि नव्या चिन्हात पक्षी पुन्हा मोठा झाला. राष्ट्रीय चिन्ह नको म्हणणारे तिथे राष्ट्रविरोधी नव्हते, क्लबचे सगळ्यात जुने चाहते होते. आणि राष्ट्रीय चिन्ह हवं म्हणणारा कोण होता, तर विक्रीचे आकडे पाहणारा.

आपल्याकडचा सगळ्यात देशभक्त क्लब कोणता म्हणाल तर मोहन बागान. 29 जुलै 1911 ला बहुतेक अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला दोन-एकने हरवून आयएफए शील्ड जिंकली. त्यांच्या बोधचिन्हात काय आहे? शिडाची नाव. बंगालच्या नदीवरची. काही वर्षांपूर्वी मालकी बदलून नावापुढे दुसऱ्या क्लबचं नाव चिकटलं तेव्हा चाहते ते काढा म्हणून हटून बसले आणि 2023 मध्ये ते निघालं. नावेला मात्र कोणी हात लावला नाही, लावू दिला नसता.

आता कापडाकडे येतो, कारण चिन्हांच्या चर्चेत कापडाचं नाव कोणी काढत नाही, आणि वर्ध्याला बसून ते न काढणं शोभत नाही. नागपुरात ज्या झेंड्यासाठी लोक आत गेले त्यावर चरखा होता. 22 जुलै 1947 ला संविधान सभेने चरख्याच्या जागी चक्र स्वीकारलं. ते गांधीजींना रुचलं नव्हतं; चरखा नसेल तर त्या ध्वजाला वंदन करणार नाही, इतक्या टोकाला ते बोलले होते. म्हणजे ज्यावर प्रश्नच काढायचा नाही असं आज आपल्याला वाटतं, त्या चक्रावरही मतभेद होऊन गेला आहे आणि तो करणारा माणूस कोण होता हेही लक्षात असू द्या. तरी ध्वज खादीचा राहिला. डिसेंबर 2021 मध्ये ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावरचा पॉलिस्टरचा ध्वजही चालू लागला. तेव्हापासून तीन रंग कुठेही, कशावरही, कितीही छापून मिळतात. क्रीडा मंडळांचे टी-शर्ट तर पॉलिस्टरचेच. सब्लिमेशनच्या मशिनीवर वीस मिनिटांत चक्र उमटतं. टी-शर्ट मग कबड्डीच्या मातीत लोळतो, घामाने भिजतो, पकडीत फाटतो. ते त्याचं कामच आहे. दोन हंगामांनी आई तो दुचाकी पुसायला काढते, त्यानंतर त्याचं पोतेरं होतं. नदी, नाव, पक्षी, वाघ यांचं पोतेरं झालं तर कोणाचा अपमान होत नाही. चक्राचं झालं तर? कायदा म्हणतो अपमान, आणि या एका बाबतीत मी कायद्याच्या बाजूचा आहे. ज्यांना राष्ट्रचिन्हाबद्दल इतका आदर आहे त्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यावं: तुमच्या क्लबच्या तीन वर्षांपूर्वीच्या जर्सी आज कुठे आहेत?

शेवटचा आक्षेप जरा ताकदीचा आहे. कोणी म्हणेल, गावाचं चिन्ह घ्या म्हणता, पण त्यातून गावागावांची भांडणं वाढतात. राष्ट्रचिन्ह निदान जोडतं. गावागावांची भांडणं मला चालतात. खेळात ती हवीतच. 2017-18 ला विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, लगेच पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला, 2024-25 ला तिसऱ्यांदा. तो आनंद विदर्भाचा होता, त्यात दिल्लीला हरवल्याची, सौराष्ट्राला हरवल्याची, केरळला मागे टाकल्याची चव होती, आणि त्या चवीत कोणी कोणाच्या देशप्रेमावर शंका घेतली नाही. राष्ट्राचं चिन्ह जोडतं ते केव्हा? जेव्हा सगळे एकाच बाजूला उभे असतात तेव्हा. क्लबच्या सामन्यात व्याख्येनेच दोन बाजू असतात.

आणि पवनारसारख्या गावाला चिन्हांचा दुष्काळ आहे, असं तर कोणी म्हणूच नये. धाम नदी आहे, तिच्या पात्रातले काळे खडक आहेत. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं इतिहास संशोधक मिराशींनी मांडलं. विनोबांना जमीन खणताना भरत-रामाच्या भेटीचं शिल्प मिळालं ते इथेच. गांधीजींच्या अस्थी 1948 च्या फेब्रुवारीत याच पात्रात विसर्जित झाल्या. यातलं कोणतंही, किंवा यातलं काहीच नाही आणि साधा एक बैल, एक बाभूळ, एक मोट घ्या. मुलांनी ठरवावं. फक्त दुसऱ्या गावाला जे आपल्याइतकंच स्वतःचं म्हणता येतं ते घेऊ नये, एवढीच अट.

राहिलं क्रिकेट मंडळ. त्याने तारा काढावा आणि नवं चिन्ह क्रिकेटमधून काढावं. शंभर वर्षांच्या खेळात एकही आकृती सापडत नसेल तर तो चित्रकाराचा दोष. चक्रच हवं असेल तर त्यालाही माझी वाट मोकळी आहे, पण क्रम उलटा: आधी माहितीचा अधिकार स्वीकारा, करार उघडे करा, संघ मंडळाचा की देशाचा याचं न्यायालयात दिलेलं उत्तर मागे घ्या, आणि मग सरकारकडे रीतसर परवानगी मागा. हे व्हायचं नसेल तर तोवर तो इंग्रजी तारा टोपीवर राहिला तरी मला चालेल. तो उसना आहे, हे निदान कोणापासून लपून राहत नाही.